कुठे चाललात ते सांगून जा

नेट्टी टॉलेफसनचा यंत्रांच्या बाबतीत एकच नियम होता, आणि तो तिने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासऱ्याकडून उचलला होता. यंत्र अडलं की आधी बंद करायचं. मग बटण दाबून धरायचं. तरीही ऐकलं नाही तर टोचायचं. धान्य वाळवायचा पंखा, विहिरीची मोटर, गुरांच्या हौदातला हीटर, सगळं तिने असंच वठणीवर आणलेलं. सासरा जाऊन जमाना झाला, नियम काही गेला नाही. मार्चमधल्या त्या वादळाच्या दिवशी याच नियमाने तिचा घात केला.

सकाळपासून बर्फाचा वारा असा सुटला होता की स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा गोठा दिसेना. कॅनडातल्या आमच्या सास्काचेवानात असं वादळ आलं की घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधतात आणि ती धरूनच ये-जा करतात. दोरीच्या पलीकडे जायचं असेल तर आणखी एक रीत आहे. कुठे चाललो ते घरात कुणाला तरी सांगून निघायचं, तेही जमिनीच्या आकड्यासकट. आमच्याकडे मैलोन्मैल रस्त्यांना नावं नाहीत, जमिनीच्या चौकोनाचा आकडा हाच पत्ता: दिशा, तीन अंक आणि मोजणीची कितवी रेषा. माणूस परतला नाही तर निदान शोधायला कुठे जायचं ते कळतं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांतले काही जण थेट एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर सापडले आहेत.

नेट्टी दोरी धरून गोठ्यात दोनदा जाऊन आली होती. एक पहिलारू गाय व्यायला टेकली होती, सारखी ऊठबस करत होती. तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं होतं. पण जेवणानंतर नेट्टीने फळीवर नजर टाकली तर पांढऱ्या राउटरचा निळा दिवा लाल झालेला. गावातल्या टॉवरवरून इंटरनेट घेणारी छपरावरची तबकडी बर्फाच्या ओझ्याने मान टाकून बसली होती. दुरुस्तीवाला रस्ते उघडल्याशिवाय यायचा नाही, आणि रस्ते तर उद्याही उघडतील की नाही कोण जाणे.

आता शहात्तर वर्षांच्या बाईला इंटरनेट गेल्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आर्विडला बघितलेलं नसणार.

आर्विड तिचा नवरा. उंच, हाडापेराने दणकट, वागायला अजूनही अतिशय सभ्य. तीन वर्षांपूर्वी त्याने चाव्या हरवायला सुरुवात केली, मग शब्द, मग माणसं. हल्ली दुपार कलली की त्याला बाहेर जायचं असे. कुठे ते सांगता येत नसे, पण जायचं असे. आमच्याकडे हिवाळ्यात घराला कुलूप लावत नाहीत, कारण रस्त्यात अडकलेल्या माणसाला कुणाचंही दार उघडता आलं पाहिजे. नेट्टीने लाज बाजूला ठेवून एकदा कडी बसवली, तर आर्विडने खिडकीची काच फोडली आणि हात कापून घेतला. तेव्हापासून दाराला कडी नाही. दाराला एक छोटी कळ आहे. दार उघडलं की गोठ्यात असलेल्या नेट्टीच्या फोनवर घंटा वाजते. स्वयंपाकघरात कॅमेरा आहे, त्यातून बघता येतं आणि बोलताही येतं. गोठ्यात दुसरा कॅमेरा आहे, तो आर्विडनेच धड असताना वासरांसाठी बसवलेला. या सगळ्यांची नाळ त्या पांढऱ्या राउटरला. त्याचा दिवा लाल म्हणजे नेट्टी घरात कैद, आणि गोठ्यात पहिलारू एकटी.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. त्यांची मुलगी कार्ला साडेतीन तासांवर सास्काटूनला दातांच्या दवाखान्यात काम करते. गावातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती आणि आर्विडसाठी ती हवी की नको ते त्या दिवशी पाचच्या आत कळवायचं होतं. आदल्या रात्री फोनवर मायलेकींची चांगलीच जुंपली.

"मॉम, तुझ्या शब्दावर मी नाही जाणार," कार्ला म्हणाली होती. "कामावरून सुटले की कॅमेरा बघेन. डॅड शांत बसलेले दिसले तर नको म्हणून कळवते. कॅमेरा बंद दिसला तर हो म्हणून कळवते. मागच्या महिन्यासारखं 'प्लग निघाला होता गं' ऐकून घेणार नाही."

"बघ की खुशाल," नेट्टी म्हणाली होती. "माझा नवरा माझ्या घरात मजेत आहे."

मजेत होता हे खोटं नव्हतं. पण नेट्टी एक गोष्ट लेकीपासून लपवून होती. पानगळीपासून आर्विड नेट्टीला ओळखत नव्हता. घरकामाला ठेवलेली कुणी बाई आहे असं समजून तो तिला अहो-जाहो करायचा, कॉफी दिली की आभार मानायचा. एकावन्न वर्षांच्या संसारात इतके आभार त्याने कधी मानले नव्हते, आणि त्यातल्या प्रत्येकाने तिच्या काळजाला घरं पडत. कार्लाची कॅमेरा बघायची वेळ झाली की नेट्टी त्याच्या पुढ्यात खायला ठेवायची. तोंडात घास असला की माणूस कुणाला 'तुम्ही कोण' म्हणून विचारत नाही. लबाडी होती, पण हिवाळाभर निभली होती.

तर दिवा लाल. नेट्टीने राउटर बंद केला, चालू केला. बटण दाबून धरलं. लालच. मागे एक बारीक भोक दिसलं, नाकपुडीएवढंही नाही. तिने वासरांना लस टोचायची सुई आणली आणि भोकात खुपसून धरली. सगळे दिवे एकदम मालवले, मग एकदम लागले. नेट्टीला वाटलं, आला ताळ्यावर.

दिवा लालच राहिला. वर आता फोनही म्हणू लागला की 'टॉलेफसन' नावाचं घरचं नेटवर्क कुठे दिसतच नाही.

मग तिला खणातल्या बिस्किटांच्या डब्याची आठवण झाली. कार्लाने नाताळात एक मोबाइल हॉटस्पॉट आणून दिला होता, काडेपेटीहून थोडा मोठा, सिमकार्ड घातलेला. 'टॉवर गेला तर हा राउटरला जोडायचा,' असं ती म्हणाली होती. कसा जोडायचा तेही तिने सांगितलं होतं, तेव्हा नेट्टी हो-हो करत टर्की कापत होती.

तिने तारेच्या फोनवरून डेल्मरला गाठलं. डेल्मर म्हणजे पश्चिमेकडचा शेजारी, पाच मैलांवर एकटा राहणारा, बोलायला कुणी मिळालं की वादळसुद्धा विसरणारा. गेल्या पानगळीत त्याने स्वतःच्या घरी हेच केलं होतं.

"जोडता येतो गं, त्यात काय," डेल्मर म्हणाला. "राउटरला सांगायचं, बाबा रे, आता टॉवरचं विसर, या छोट्याकडून घे. बाकी घराला पत्ताही लागत नाही. तू राउटरला हात नाही ना लावलास?"

"नाही."

"नेट्टी."

"थोडं टोचलं."

"कुठे?"

"मागे. भोकात. सुईने."

पलीकडे डेल्मरने शिटी वाजवली. "अगं माझे आई! ते सगळं पुसून टाकायचं भोक आहे. राउटर आता दुकानातून आणल्यासारखा कोरा झाला. त्याला ना तू आठवत, ना आर्विड."

"मग घरात दोन झाले," नेट्टी म्हणाली.

डेल्मर घसा खाकरून कामाला लागला. कार्लाचा जुना लॅपटॉप होता, तो नेट्टीने टेबलावर उघडला. राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावरचं कारखान्याचं नाव आणि पासवर्ड घालून ती आत शिरली. आर्विड तिच्या समोरच बसला होता, कपातली कॉफी गार झालेली, नजर खिडकीवर. वारा घराला धडका देत होता.

"आता हॉटस्पॉट चालू कर. रेघा किती?"

"एक. तीही येते-जाते."

"मग स्वयंपाकघरात ठेवून उपयोग नाही. वर ने, गावाकडच्या खिडकीत ठेव."

"वर? मी वर गेले तर याच्याकडे कोण बघणार?"

"बसलाय ना?"

"आत्ता बसलाय," नेट्टी म्हणाली.

ती जिना धावत चढली. त्या गुडघ्यांनी धावणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. खिडकीच्या कट्ट्यावर हॉटस्पॉट टेकवला, तीन रेघा आल्या, तिने चार्जर खोचला आणि धापा टाकत खाली आली. आर्विड जागेवर होता. तिने देवाचे आभार मानले, युक्रेनियन भाषेत, आईकडून शिकली होती तसे.

डेल्मर एकेक पायरी सांगत गेला, ती करत गेली. राउटरने वरच्या हॉटस्पॉटला हुडकलं, त्याचा पासवर्ड मागितला, तो तिने घातला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लाल दिवा लुकलुकला आणि निळा झाला.

"डेल्मर! निळा!"

"मग? मी काय तुला वेडगळ वाटलो?"

लॅपटॉपवर हवामानाचं पान उघडलं आणि बाहेर वादळ आहे ही बातमी तिला दिली. पण स्वयंपाकघरातला कॅमेरा अंधच होता. दारावरची कळ मुकी, गोठ्याचं चित्र काळं.

"बरोबर आहे," डेल्मर म्हणाला. "ती सगळी जुन्या नावाला सरावलेली आहेत. गुरं जशी आपल्याच दावणीला येतात ना, तसं. राउटरला अगदी जुनंच नाव दे आणि जुनाच पासवर्ड दे, म्हणजे आपोआप येतील. नाव आहे का लक्षात?"

"नाव टॉलेफसन."

"आणि पासवर्ड?"

नेट्टीने आर्विडकडे बघितलं. पासवर्ड त्याने ठेवलेला. तो कुणाला सांगायचा नाही, 'आण इकडे' म्हणायचा आणि मोठ्या बोटांनी स्वतः घालून द्यायचा. कार्लाने गेल्या वसंतात कॅमेरा आणि कळ बसवली तेव्हाही त्यानेच घातला होता. तोंडाने सांगता येईना, पण बोटांना येत होता. नेट्टीच्या जुन्या फोनमध्ये त्या जागी नुसते ठिपके दिसत.

"तुम्हाला पासवर्ड आठवतो का हो?" तिने विचारलं. तो 'तुम्ही' म्हणायचा म्हणून एव्हाना तीही तसंच म्हणू लागली होती.

"कॉफी छान होती," आर्विड नम्रपणे म्हणाला. "आता मला निघायला हवं."

"बसा थोडं."

घड्याळात चार वाजून गेले होते. "शेतकरी माणूस," डेल्मर कानाशी म्हणाला, "पासवर्ड ठेवून ठेवून काय ठेवणार? जमीन, ट्रॅक्टर नाहीतर वळू. बायकोचं नाव ठेवण्याएवढा तो हळवा नव्हता, राग मानू नकोस."

राग मानायला नेट्टीला सवड नव्हती. तिने घरच्या जमिनीचा आकडा घातला, वायव्य चौदा, पुढचे सगळे अंक बिनचूक. राउटर बंद होऊन पुन्हा उठला. ती कॅमेऱ्याकडे डोळे लावून बसली. त्याचा ठिपका लाल तो लालच. मग ट्रॅक्टरचा नंबर घातला. पुन्हा सगळं मालवलं, पुन्हा उजळलं, पुन्हा लाल. मग वळूचं नाव. मग, मनात खजील होत, स्वतःचं नाव. प्रत्येक वेळेला राउटर आरामात उठायचा, जावयासारखा, आणि प्रत्येक वेळेला कॅमेरा तिच्याकडे मेलेल्या डोळ्याने बघायचा. शेवटी सगळेच दिवे लुकलुकू लागले आणि इंटरनेटच गेलं.

"वरचा हॉटस्पॉट झोपला असेल," डेल्मर म्हणाला. "चार्जर नीट बसलाय का बघून ये."

आर्विड उठून खिडकीशी उभा होता. "दोन मिनिटं," नेट्टी त्याला म्हणाली. "इथेच उभे राहा. मी आलेच." तिने तारेचा फोन टेबलावर ठेवला आणि पुन्हा जिना चढली.

चार्जर खरंच सैल झाला होता. तिने तो दाबून बसवला, रेघा परत यायची वाट बघितली. तेवढ्यात खालून थंडीचा एक झोत जिन्यावरून वर आला.

ती खाली आली तेव्हा आर्विड दारात होता. टोपी घातलेली, कोट उलटसुलट गुंड्यांचा, बूट या पायातला त्या पायात. दार वीतभर उघडलेलं आणि बर्फ उंबऱ्यावरून आत येत होतं. असल्या हवेत बाहेर पडलेला माणूस दहा पावलांत दिसेनासा होतो. ओढून आणावं तर तो तिच्या दुप्पट, आणि अडवलं की चिडायचा. मागच्या वेळी तिच्या मनगटावरचा वळ महिनाभर होता.

"आर्विड!"

तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई होती. "बाई, बरं झालं आलात," तो म्हणाला. "तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, पण घरात आहात तर माझ्या आईला एवढं सांगा. मी ह्रिंकीव्हच्या मुलीला आणायला चाललोय. आग्नेय आठ, तेवीस, सोळा, दुसऱ्या रेषेच्या पश्चिमेला. अंधार पडेपर्यंत परतलो नाही तर तिथून शोधायला लागा."

ह्रिंकीव्ह हे तिचं माहेरचं नाव. आग्नेय आठ ही तिच्या बापाची जमीन, वीस मैलांवरची. घर कधीच पाडलं, वर नांगर फिरला, आता तिथे लायलॅकचं एक झुडूप तेवढं उरलं आहे. तो आकडा तिने स्वतः कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. टॉलेफसनांच्या घरात नॉर्वेजियन सासूला युक्रेनियन सून नको होती, तेव्हा आर्विड आईशी भांडून असल्याच एका वादळात जुना ट्रक घेऊन तिथे आला होता. म्हणजे सगळा हिवाळा, दुपार कलली की हा माणूस तिकडे निघत होता.

रडावंसं वाटलं, पण दार उघडं होतं.

मग तिला सुचलं ते आमच्याच लोकांपैकी कुणाला सुचावं असं होतं. तिने त्याला अडवलं नाही. "थांबा," ती म्हणाली. "असं तोंडी नको. मी लिहून घेते. आकडा चुकला तर लोक भलतीकडे शोधत बसतील."

आर्विडने मान डोलावली. हे त्याला पटलं. आकडा लिहून दिल्याशिवाय निघणारा माणूस मूर्ख, हे त्याच्या बापाने त्याला चालायला लागायच्या आत शिकवलं असणार. तो दाराच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला.

नेट्टीने लॅपटॉप उचलला आणि दाराशी आणून बुटांच्या फळीवर ठेवला. बोटं गारठली होती.

"सांगा."

"आग्नेय."

तिने पासवर्डच्या चौकटीत दिशेची दोन अक्षरं घातली.

"आठ. तेवीस. सोळा." तो सावकाश, घोटवून सांगत होता. शाळेतल्या पोरासारखा नाही, जमीनमालकासारखा. "दुसऱ्या रेषेच्या पश्चिमेला. झालं?"

"होतंय."

तिने शेवटचं बटण दाबलं. राउटरचे दिवे मालवले.

"झालं का बाई? ती वाट बघत असेल."

"जरा थांबा. पुन्हा एकदा सांगा, ताडून बघते."

त्याने पुन्हा सांगितलं. वारा दार ढकलत होता. तिचा एक पाय दाराला लावलेला, नजर फळीवर. टेबलावर पडलेल्या तारेच्या फोनमधून डेल्मर बारीक आवाजात 'नेट्टी, काय झालं, नेट्टी' करत होता. राउटर उठला. लाल. लुकलुक. लाल.

"बाई, तुमच्यापेक्षा आमची शाळेतली पोरं भराभर लिहितात," आर्विड म्हणाला आणि त्याने मूठ ओढली.

तेवढ्यात नेट्टीच्या खिशातला मोबाइल घणघणला. दार उघडं आहे, असं तो सांगत होता. नेट्टी आयुष्यात कुठल्या घंटेने इतकी सुखावली नव्हती. राउटर निळा झाला होता. पाठोपाठ कॅमेऱ्याचा ठिपका निळा झाला. आणि त्यातून कार्लाचा आवाज आला, कामावरून सुटलेल्या, गाडीत बसलेल्या, घाबरलेल्या बाईचा.

"मॉम? अर्ध्या तासापासून बघतेय, कॅमेरा बंद, फोन एंगेज! डॅड दारात काय करतायत?"

नेट्टीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. बर्फ बघायला आला गं. इतक्या महिन्यांच्या सरावाने ते आपोआप आलं होतं. पण आर्विड आधी बोलला.

"मी निघतो बाई. तुमचं नाव काय म्हणालात?"

"मॉम?" कॅमेऱ्यातून कार्ला म्हणाली.

संपलं, असं नेट्टीला वाटलं. लबाडी उघडी पडली होती, तीही तिने स्वतः जोडलेल्या राउटरमधून. पण दार अजून उघडं होतं आणि आर्विडचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. कार्लाचं नंतर बघता येईल.

"नेट्टी," ती म्हणाली. "नेट्टी ह्रिंकीव्ह. मी आले ना. कशाला निघालास?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या भुवयांवर, केसांवर दारातून आलेलं बर्फ बसलं होतं.

"तू? या हवेत? आग्नेय आठवरून?"

"आग्नेय आठवरून."

"कशी आलीस?"

"दोरी धरून."

आर्विड हसला. पोटातून हसला. असा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता. "वीस मैल दोरी! माझी आई म्हणतच होती, ह्रिंकीव्हची पोरगी हट्टी आहे म्हणून." मग एकदम गंभीर झाला. "बापाला सांगून आलीस ना?"

"आले सांगून."

"मग बरं." त्याने स्वतःच्या हाताने दार लावलं. "बस. कोट काढ. गारठली असशील."

तिने त्याला खुर्चीत बसवलं, बूट काढले, खसखशीच्या रोलचा तुकडा पुढ्यात ठेवला. डेल्मरला 'झालं, नंतर सांगते' म्हणून फोन ठेवला.

"कधीपासून?" शेवटी कार्लाने विचारलं.

"पानगळीपासून."

"आणि तू मला रोज..."

"हो. खोटं बोलले. रोज."

कार्ला रडत होती ते ऐकू येत होतं. ती ओरडली असती तर नेट्टीला सोपं गेलं असतं. ओरडण्याला उत्तर होतं तिच्याकडे.

"मॉम, पाच वाजत आले. काल मी फार फणकाऱ्याने बोलले. मला नाही ठरवता येत. तू सांग. हो म्हणू की नको?"

नेट्टीने उंबऱ्याशी वितळणारं बर्फ बघितलं. मग आर्विडकडे बघितलं. तो रोल खात होता आणि तिच्या बाहीवरचं बर्फ बोटाने झटकत होता, अगदी जपून, नवख्या मुलीच्या बाहीवरचं झटकावं तसं. या घरातून त्याला हलवलं तर त्याचं सगळंच जाईल, असं ती हिवाळाभर घोकत होती. पण तो या घरात नव्हताच. तो वाटेत होता, तिला आणायला निघालेला. कुठल्याही घरात ती बर्फ झटकत शिरली आणि आग्नेय आठवरून आले म्हणाली, तर तो तिथे हसेल. आणि इथे, वर गेलेलं माणूस दोन मिनिटं उशिरा खाली आलं असतं, तर तो एप्रिलमध्ये सापडला असता.

"हो म्हण," ती म्हणाली. "मी रोज जाईन तिकडे. हो म्हणून कळव."

तेवढ्यात फोनवर गोठ्याचं चित्र आलं. पहिलारू आडवी पडली होती आणि वासराचे दोन खूर बाहेर आले होते.

"मलाही दिसतंय," कार्ला म्हणाली आणि नाक ओढलं. "जा तू. मी डॅडशी बोलत बसते. दार उघडलं तर दोघींना कळेल."

नेट्टीने कोट चढवला, हातमोजे घातले. दाराशी पोचली तर मागून हाक आली.

"ए पोरी, कुठे निघालीस? वादळ आहे."

"गोठ्यात. मागच्या कप्प्यात."

"आकडा सांगून जा."

"वायव्य चौदा," नेट्टी म्हणाली. "वीस, सतरा, दुसऱ्या रेषेच्या पश्चिमेला."

आर्विडने तो ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला आणि मान डोलावली. "अंधार पडेपर्यंत आली नाहीस तर मी शोधायला येईन."

"बरं," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन तिने दोरी धरली.